पट्टीची स्क्रिप्ट टर्मिनलवर चालते, ब्राउझरमधून का चालत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानासाठी तुम्ही पीएचपीत छोटी साइट केली आहे. उबंटू २०.०४, समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे पीएचपीची पानं चालवणारा पीएचपी-एफपीएम ७.४. सौदे आटोपले की शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, काढायला दुकानात आधीपासून पायथनची एक स्क्रिप्ट आहे. ती रव्यांचं (गुळाच्या ढेपांचं) वजन, दर, हमाली, तोलाई मांडते आणि लिब्रेऑफिसकडून पीडीएफ करून घेते. बटण दाबलं की शेल_एक्झेक या पीएचपीच्या फंक्शनने ती चालवायची आणि ती जे छापेल ते पकडून पानावर दाखवायचं, एवढंच काम. टर्मिनलवर ती बिनचूक चालते. ब्राउझरमधून मात्र कधी कोरं पान येतं, कधी ५०४ (उत्तर वेळेत न आल्याची चूक) येतो, आणि पट्टी निघालीच तर शेतकऱ्याचं नाव गायब असतं.

गेली बरीच वर्षं कोल्हापुरातल्या दुकानांची, फौंड्रींची आणि कारखान्यांची असली कामं मी करतो आहे, आणि हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी घेऊन येतं. म्हणून जरा विस्ताराने लिहितो. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, पण मुळाशी एकच गैरसमज आहे. तुम्ही टर्मिनलवर चालवता ती स्क्रिप्ट आणि सर्व्हर चालवतो ती स्क्रिप्ट एकच आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. फाइल एकच आहे, पण चालवणारा माणूस दुसरा आणि त्याचं घरही दुसरं.

टर्मिनलवर तुम्ही स्वतःच्या नावाने लॉगिन असता. तुमचं होम फोल्डर तुमच्या मालकीचं असतं, पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या यादीत, दहा ठिकाणं असतात, भाषेची सेटिंग यूटीएफ-८ असते. पीएचपी-एफपीएम चालतो तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वापरकर्त्याच्या नावाने. त्याच्या पूल सेटिंगमध्ये क्लिअर_एन्व्ह नावाची ओळ असते. ती तुम्ही मुद्दाम बदलली नसेल तर ‘हो’ असते, म्हणजे बाहेरून आलेले सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तो आधी पुसून टाकतो. पाथ गेला, भाषेची सेटिंग गेली. होम उरतं ते ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’, आणि ते फोल्डर रूटच्या मालकीचं असल्यामुळे तिथे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला काही लिहिता येत नाही. लिब्रेऑफिस पहिल्यांदा उघडताना आपलं प्रोफाइल होममध्ये तयार करतं. ते जमलं नाही की पीडीएफ होत नाही, आणि तुमच्या वाट्याला कोरं पान येतं.

कोऱ्या पानाची दुसरी बाजू याहून त्रासदायक आहे. पीडीएफ का झाली नाही हे स्क्रिप्टने नक्की सांगितलं असणार, पण ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. शेल_एक्झेक फक्त स्टँडर्ड आऊटपुट, म्हणजे प्रोग्रॅमने नेहमीच्या वाटेने छापलेला मजकूर, पकडतं. चुका जातात स्टँडर्ड एरर या वेगळ्या वाटेवर, आणि एफपीएममध्ये कॅच_वर्कर्स_आऊटपुट ही सेटिंग मुळात बंद असल्यामुळे तो मजकूर सरळ डेव्ह-नलमध्ये, म्हणजे शून्यात जातो. लॉगमध्येही सापडत नाही. वर शेल_एक्झेक चूक झाली तरी नल (रिकामं मूल्य) देतं आणि स्क्रिप्टने काहीच छापलं नाही तरी नलच देतं. या दोहोंतला फरक कळायला मार्गच नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं: या कामासाठी शेल_एक्झेक सोडून द्या.

प्रोसेस संपल्यावर तीन गोष्टी मागे राहतात आणि तिन्ही वेगवेगळ्या हातात घ्याव्या लागतात: स्टँडर्ड आऊटपुट, स्टँडर्ड एरर आणि एक्झिट कोड. स्टँडर्ड एररवर काही आलं म्हणजे काम फसलं असं नसतं, हे बरेच जण विसरतात. आपल्याला हे समजायला पंचगंगा पुरेशी आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेलं की धोका पातळी. ३९ फुटांना कुणी घर सोडत नाही, पण नोंद सगळे घेतात. स्टँडर्ड एररवरचा मजकूर हा इशारा आहे, तो नोंदवून ठेवा. काम झालं की नाही हे एक्झिट कोड सांगतो. शून्य म्हणजे झालं, बाकी काहीही म्हणजे नाही. शेलमधून चालवत असाल तर १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही, म्हणजे पाथचा घोटाळा. १२६ म्हणजे फाइल सापडली पण चालवायची परवानगी नाही. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, कुणीतरी प्रोसेसला सक्तीने मारलं. लहान सर्व्हरवर तो ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे मध्ये पडलेला कर्नल असतो.

लिब्रेऑफिसच्या बाबतीत मात्र शून्यावरही विसंबू नका. रूपांतर फसलेलं असतानाही ते शून्य देऊन परतलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. पीडीएफ त्या जागी आहे का, तिचा आकार शून्याहून जास्त आहे का आणि ती आत्ताच तयार झाली आहे का, हे तुमच्या स्क्रिप्टनेच तपासावं आणि नसेल तर स्वतः शून्येतर कोड देऊन बाहेर पडावं. कालची जुनी पीडीएफ आजची म्हणून शेतकऱ्याच्या हातात जाणं हा कोऱ्या पानापेक्षा मोठा घात आहे.

आता गायब होणारं नाव. तुम्ही शेतकऱ्याचं नाव एस्केपशेलआर्ग या फंक्शनमधून काढून कमांडला जोडता. सुरक्षेचा विचार केलात, ते बरोबरच आहे. पण हे फंक्शन चालू लोकेलप्रमाणे, म्हणजे भाषेच्या सेटिंगप्रमाणे, अक्षरं वाचतं. लोकेल ‘सी’ असेल तर त्याच्या लेखी यूटीएफ-८ मधलं देवनागरी अक्षर हे अक्षरच नसतं, आणि जे ओळखता येत नाही ते ते मुकाट्याने गाळतं. चूक नाही, सूचना नाही. ‘पाटील’ आत जातो आणि बाहेर दोन अवतरणचिन्हांमध्ये रिकामी जागा येते. इंग्रजीत नावं लिहिणाऱ्यांना हे आयुष्यभर कळत नाही, मराठीत काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी फटका बसतो. सेटलोकेलने एलसी_सीटाइप हे सी.यूटीएफ-८ केलंत तर नाव परत येईल. पण मी ती डागडुजी करणार नाही, कारण मुळात नाव कमांडमधून पाठवायचं कारणच नाही. नाव डेटाबेसमध्ये आहे. स्क्रिप्टला फक्त पट्टी क्रमांक द्या, तोही इंटव्हॅल करून, म्हणजे नुसता आकडा करून. नाव, गाव, वजन सगळं ती स्वतः वाचून घेईल. आकड्याला ना लोकेल लागतं, ना त्यात कुणाला कमांड घुसवता येते.

कमांड घुसवण्याचा विषय निघालाच आहे तर त्यावर थांबतो, कारण इथे हयगय केली तर दुकानाचा सगळा हिशेब बाहेर जाऊ शकतो. कमांड एकाच लांब ओळीत लिहून शेलकडे दिली की अर्धविराम, डॉलर, बॅकटिक या सगळ्यांना शेल आपापला अर्थ लावतं. फॉर्ममधून आलेला मजकूर त्या ओळीत बसला की तुमच्या सर्व्हरवर काय चालावं हे समोरचा ठरवतो. हे फक्त नवशिक्यांच्या हातून होत नाही. २०१६ साली इमेजमॅजिकमध्ये नेमका हाच दोष सापडला. चित्र हाताळताना ते बाहेरच्या प्रोग्रॅमला नाव शेलमधून पाठवत असे आणि नीट न गाळलेल्या नावातून कमांड चालवता येत असे. नुसतं चित्र अपलोड करून सर्व्हर ताब्यात घेता येण्यासारखी ती स्थिती होती.

यावरचा उपाय म्हणजे शेलला मधून काढणं. पीएचपी ७.४ पासून प्रॉक_ओपनला कमांड ओळीऐवजी अॅरे म्हणून देता येते. पहिला घटक पायथनचा पूर्ण पत्ता (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरत असाल तर त्यातल्या पायथनचा), दुसरा स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता, तिसरा पट्टी क्रमांक. प्रत्येक घटक जसाच्या तसा प्रोग्रॅमपर्यंत पोचतो, मध्ये अर्थ लावणारं कुणी नसतं. त्याच फंक्शनचा चौथा पॅरामीटर चालू फोल्डर ठरवतो आणि पाचवा एन्व्हायर्नमेंट. हे दोन्ही स्वतः लिहून द्या: होम म्हणून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या मालकीचं वेगळं फोल्डर, पाथ पूर्ण, लँग सी.यूटीएफ-८. सर्व्हर काय देईल या भरवशावर राहायचं नाही. एक पथ्य अॅरे वापरूनही पाळावं लागतं. फाइलचं नाव वापरकर्त्याकडून येत असेल आणि ते हायफनने सुरू होत असेल, तर प्रोग्रॅम त्याला पर्याय समजतो. आणि डेटाबेसचा पासवर्ड कमांडमधून कधीही पाठवू नका. प्रोसेसची यादी काढली की त्याच सर्व्हरवरच्या कुणालाही तो वाचता येतो.

आऊटपुट पकडताना सगळ्यात फसवा खड्डा कुठला, तर पाइप, म्हणजे एका प्रोग्रॅमचा मजकूर दुसऱ्याकडे नेणारी नळी, भरण्याचा. माझ्या हातून झालेली गोष्ट सांगतो. एका साखर कारखान्यासाठी काट्याच्या पावत्यांचा दिवसाचा गोषवारा काढायचं काम होतं. वेब सर्व्हर स्क्रिप्ट चालवायचा, मी आधी स्टँडर्ड आऊटपुट शेवटपर्यंत वाचायचो आणि मग स्टँडर्ड एरर. गाळप नुकतं सुरू झालं होतं, दिवसाला तीनशे पावत्या, सगळं सुरळीत. हंगाम भरात आला, काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागली आणि एका रात्री गोषवारा लटकला. चूक नाही, एक्झिट कोड नाही, सीपीयू शून्य टक्के. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी त्या रात्री साडेअकरापासून पहाटेपर्यंत डेटाबेसला दोष देत बसलो होतो.

कारण वेगळंच होतं. लिनक्सवर पाइपची क्षमता साधारणपणे ६५,५३६ बाइट, म्हणजे ६४ केबी असते. माझी स्क्रिप्ट प्रत्येक पावतीमागे स्टँडर्ड एररवर एक सूचना लिहीत होती, शेतकऱ्याच्या नावासह, मराठीत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे ओळ दिसायला लहान पण बाइटमध्ये साधारण १६० ची. ६५,५३६ भागिले १६० म्हणजे ४०९. चारशे दहाव्या पावतीला पाइप भरला आणि कुणीतरी वाचून तो रिकामा करेल म्हणून स्क्रिप्ट थांबली. इकडे मी तिचं स्टँडर्ड आऊटपुट संपायची वाट बघत थांबलो होतो. दोघंही एकमेकांसाठी थांबलेले, जन्मभर. चाचणी मी तीनशेच पावत्यांवर केली होती, म्हणून ते मला कधी दिसलं नव्हतं.

तुमच्याकडे हे होऊ नये म्हणून प्रॉक_ओपनमध्ये स्टँडर्ड एररला पाइप देऊच नका. त्याला थेट फाइल द्या, पट्टी क्रमांकाच्या नावाची. फाइल भरून अडत नाही, आणि नोंदही आपोआप राहते. स्टँडर्ड इनपुटला डेव्ह-नल द्या. स्टँडर्ड आऊटपुटचा एकच पाइप राहील, तो शेवटपर्यंत वाचा, बंद करा आणि प्रॉक_क्लोजकडून एक्झिट कोड घ्या. मध्येच प्रॉक_गेट_स्टेटसने डोकावून पाहायची सवय असेल तर सावध राहा. पीएचपी ८.३ च्या आधी खरा एक्झिट कोड, प्रोसेस संपल्यावर केलेल्या पहिल्याच चौकशीत मिळतो. त्यानंतर विचारलं की उणे एक, आणि मग प्रॉक_क्लोजही उणे एकच देतं. पायथनमधून चालवणाऱ्यांना हे सगळं सबप्रोसेस मोड्यूलमधलं रन हे फंक्शन करून देतं, ते दोन्ही पाइप एकाच वेळी वाचतं. नोड वापरणाऱ्यांनी एक्झेकऐवजी एक्झेकफाइल किंवा स्पॉन घ्यावं. एक्झेक शेलमधून जातं. आणि आऊटपुट १ एमबीच्या पुढे गेलं की एक्झेक आणि एक्झेकफाइल दोन्ही, मर्यादा वाढवली नसेल तर, प्रोसेस मारून टाकतात.

स्टँडर्ड आऊटपुटवर माझ्या मते शेवटी फक्त एक ओळ यावी, जेसनची (कोडला सहज वाचता येणाऱ्या मांडणीची): पट्टी क्रमांक, पीडीएफचा पत्ता, एकूण रक्कम. बाकी सगळी बडबड स्टँडर्ड एररवर. माणसासाठी छापलेला मजकूर कोडने चाळून रक्कम शोधणं म्हणजे उद्या कुणी त्यात एक स्वल्पविराम वाढवला की पट्टी चुकणार. आणि स्टँडर्ड एररचा मजकूर पानावर कधीच दाखवू नका. त्यात फोल्डरचे पत्ते असतात, क्वचित पासवर्डही. पानावर ‘पट्टी निघाली नाही, क्रमांक अमुक’ एवढंच पुरे. तुम्ही क्रमांकावरून फाइल उघडाल.

राहिला ५०४. तो पीएचपी देत नाही, एनजिनएक्स देतो. फास्टसीजीआय_रीड_टाइमआऊट न बदलता ६० सेकंद असतो. तेवढ्या वेळात मागून एक अक्षरही आलं नाही की तो ग्राहकाला ५०४ देऊन मोकळा होतो. पीएचपीची ३० सेकंदांची मर्यादा इथे मध्ये येईल असं वाटतं, पण लिनक्सवर बाहेरच्या प्रोग्रॅमची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्या मर्यादेत धरला जात नाही. म्हणजे पान मेलं तरी स्क्रिप्ट मागे चालूच. दुकानात त्यानंतर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सौदे संपलेत, शेतकरी पट्टीसाठी गादीसमोर उभे आहेत, मुनीम बटण परत दाबतो. मग परत. प्रत्येक दाबण्याला नवी स्क्रिप्ट, नवं लिब्रेऑफिस. सगळ्यांचं प्रोफाइल एकच, त्यामुळे दुसरं लिब्रेऑफिस काही न करता परत जातं. आणि उबंटूच्या पॅकेजमध्ये एफपीएमची पीएम.मॅक्स_चिल्ड्रेन ही संख्या, म्हणजे एका वेळी पानं चालवणारे कामगार, ५ असते. पाचवं बटण दाबलं गेलं की पाचही कामगार अडकले, आणि आता लॉगिनचं पानसुद्धा उघडत नाही. मुनीम म्हणतो साइट बंद पडली, आणि तो खोटं बोलत नाही.

इथे बरेच जण टाइमआऊट ३०० सेकंद करा म्हणून सांगतील. त्याने ५०४ लपेल, अडकणं तसंच राहील. जे काम दोन-तीन सेकंदांत उरकत नाही ते वेब रिक्वेस्टमध्ये करायचंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एका दुकानासाठी त्याला मोठी यंत्रणा लागत नाही. मायएसक्यूएलमध्ये ‘कामं’ नावाचं एक टेबल करा. बटण दाबलं की त्यात एक ओळ पडावी: पट्टी क्रमांक, स्थिती ‘बाकी’. पट्टी क्रमांकावर युनिक की ठेवा, म्हणजे दहा वेळा दाबलं तरी ओळ एकच. सिस्टमडीने (लिनक्सवर सेवा चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेने) कायम चालू ठेवलेला एक छोटा पायथन कामगार ती ओळ उचलेल, पट्टी करेल, स्थिती ‘झाली’ किंवा ‘फसली’ लिहील, सोबत एक्झिट कोड आणि एररच्या फाइलचा पत्ता. पानाने दर दोन सेकंदांनी स्थिती विचारावी. कामगार एकच असल्यामुळे लिब्रेऑफिसची आपसातली झटापट संपते. पावसाळ्यात मध्येच लाईट गेली तरी परत सुरू झाल्यावर उरलेल्या ओळी टेबलात शाबूत असतात. फक्त ‘चालू’ म्हणून अर्धवट राहिलेल्या ओळी सुरुवातीला परत ‘बाकी’ करायला विसरू नका. शिवाय वेब सर्व्हरला आता कुठलाच प्रोग्रॅम चालवायची गरज उरत नाही, तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला जास्तीचे अधिकार देण्याचा मोहही संपतो. स्क्रिप्ट चालत नाही म्हणून फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळे अधिकार) देणं किंवा सुडोमध्ये (दुसऱ्याच्या नावाने कमांड चालवण्याच्या सोयीत) सगळं मोकळं सोडणं, हे कृपा करून करू नका.

कामगारातही प्रत्येक स्क्रिप्टला वेळेची मर्यादा हवीच. लिनक्सची ‘टाइमआऊट’ ही साधी कमांड पुढे लावा. ती वेळ संपली की संपूर्ण प्रोसेस ग्रुपला सिग्नल देते, म्हणजे स्क्रिप्टने उघडलेलं लिब्रेऑफिसही मरतं, आणि कोड येतो १२४. पायथनच्या रनमधला टाइमआऊट फक्त थेट मुलाला मारतो, नातवंडं मागे राहतात. आणि दिवसाच्या ऐंशी पट्ट्यांसाठी ऐंशी वेळा लिब्रेऑफिस उघडू नका. रूपांतराच्या एकाच कमांडला सगळ्या फाइली एकदम देता येतात. खरा वेळ उघडण्यातच जातो.

उद्या सकाळी बसाल तेव्हा कोडला हात लावण्याआधी एक करा. सर्व्हरवर सगळ्यात वरच्या ‘/’ फोल्डरमध्ये जा, सुडोला ‘-यू’ देऊन वापरकर्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा करा, पुढे ‘एन्व्ह -आय’ लावून एन्व्हायर्नमेंट पुसा, होम ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ द्या आणि पायथनच्या पूर्ण पत्त्याने एका पट्टीची स्क्रिप्ट चालवा. सर्व्हरच्या घरात ती जशी चालते तशी ती तुमच्या डोळ्यांसमोर चालेल आणि जे शून्यात जात होतं ते पडद्यावर दिसेल. स्क्रिप्ट पायथनशिवाय थेट तिच्या नावाने चालवताना ‘बॅड इंटरप्रिटर’ आणि ‘^एम’ दिसलं तर स्क्रिप्ट विंडोजवर सेव्ह झाली आहे, डॉसटूयुनिक्स चालवा. परवानगीची तक्रार दिसली तर वर सांगितलेलं होम फोल्डर करा. तिसरंच काही दिसलं तर तो मजकूर जसाच्या तसा, एक्झिट कोडसह पाठवा.